उपरण्याखालचा भाव

फार पूर्वी, म्हणजे गाडी म्हटलं की बैल आलेच अशा काळात, एका गावात एक कुंभारीण राहत होती. तिचं नाव कोंडाबाई. हाताला गुण असा, की तिच्या माठातलं पाणी वैशाखातही दातांना झिणझिण्या आणी. स्वभाव मात्र सडेतोड. गिऱ्हाईक आलं की माठ त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, आधी वाजवून बघा, मग भावाचं बोला. आवाज बद्द आला तर कुणी काही म्हणायच्या आत तो माठ स्वतःच बाजूला काढायची.

त्या वर्षी तिच्यावर वाईट वेळ आली. जुन्या गाडीचा आस मोडला. आस म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा. गाडीचा सगळा भार त्याच्यावर. ओढ्याच्या उतारावर गाडी उलटली, भरलेला माल फुटला आणि नवऱ्याचा पाय मोडला. तो बिचारा पायाला बांबूच्या कामट्या बांधून ओसरीवर पडून राहिला. इकडे अक्षय्य तृतीया दहा दिवसांवर आलेली. त्या सणाला घरोघर नवं मडकं लागतं, कुंभाराची अर्ध्या वर्षाची कमाई त्या एका बाजारात होते. भट्टी भरभरून माल तयार होता, पण न्यायचा कशातून?

शेवटी कोंडाबाईने दोन वर्षं साठवलेले अठ्ठावीस रुपये कमरेला खोचले आणि ती पेठेतल्या सुताराकडे निघाली. निघताना नवरा म्हणाला, "गाडी मजबूत घे. आणि जमलं तर पाच-सहा रुपये मागे ठेव, एखादी शेळी येईल." पडल्या पडल्या त्याला दुधाचीच स्वप्नं पडत होती.

सुताराच्या अंगणात नवीकोरी गाडी उभी होती. हिरवा रंग, त्यावर लाल रेघा. कोंडाबाईला ती पाहताक्षणी आवडली, पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बाजारात जन्म गेला होता तिचा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खरं असेल, पण निदान गरज कपाळावर लिहून फिरू नये एवढं तिला कळत होतं.

आता त्या पेठेत एक रिवाज होता. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं, आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. एकाला गाडी केवढ्याला पडली ते दुसऱ्याला कधी कळत नसे. भोळ्याला जास्त, हुशाराला कमी, आणि दोघेही आपणच जिंकलो अशा थाटात मिशीला पीळ देत घरी जात. सुताराचं त्या उपरण्यावर बरं चाललं होतं.

पण बाईमाणसाने परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? तिथे एक दलाल अशाच वेळेची वाट बघत बसलेला असे. तो लगबगीने पुढे आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या वतीने मी हात देतो. काळजी करू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सव्वा लाख कुणाचे?" कोंडाबाईने विचारलं.

दलाल खाकरला आणि उपरणं झटकू लागला. मग कोंडाबाई सुताराला म्हणाली, की माझं मडकं भर रस्त्यात दहाजण वाजवून घेतात, तेव्हा मीही गाडीचा भाव उघड्यावर, तोंडानेच करीन. अंगणात बसलेली माणसं हसली. सुतार म्हणाला, असा आमच्यात रिवाज नाही. बरं म्हणून कोंडाबाई वळली आणि चालू लागली. पलीकडच्या गावात दुसरा सुतार होता, हे तिलाही ठाऊक होतं आणि यालाही. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा सुताराने तिला परत बोलावलं.

कोंडाबाईने रस्त्याकडेच्या मूठभर खापऱ्या वेचून आणल्या आणि मातीत बसकण मारली. एक खापरी म्हणजे एक रुपया. लाकडाला किती पडले, तिने विचारलं. सुतार म्हणाला, बारा. त्यावर ती शांतपणे म्हणाली, की येताना वखारीवर थांबून मी बाभळीचा भाव विचारून आले आहे. सुताराने मांडलेल्या बारांतून तीन खापऱ्या उचलून घेतल्या. खिळे आणि रंगाचे दोन ठरले. मजुरी चौदा दिवसांची, रोजचा अर्धा रुपया, म्हणजे सात. त्यातली एकही खापरी तिने कमी केली नाही. कारागिराची मजुरी कापलेली तिला स्वतःला सोसत नसे. मग तुमच्या नफ्याचं काय, असं तिने आपण होऊन विचारलं, तेव्हा सुतार गडबडला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, चार.

सगळ्या खापऱ्या मिळून बावीस झाल्या. सुताराने मान डोलावली, सौदा पटला.

कोंडाबाई मनात हरखली. सहा रुपये उरत होते. तिला तर शेळी दारात बें बें करताना ऐकूही आली. तिने कमरेला हात घातला, आणि तेवढ्यात तिची नजर गाडीच्या चाकावर गेली. चाकाभोवती लोखंडी धाव चमकत होती. लोहाराकडून करून आणलेली, दोन्ही चाकांना. तिची एकही खापरी मातीत मांडलेली नव्हती. त्या गडबडीत सुतार ती धरायलाच विसरला होता.

दलालाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. कोंडाबाईचा हात कमरेलाच राहिला. नवऱ्याचा सुकलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिला स्वतःच्या खरेपणाचा मनस्वी राग आला. पण बद्द वाजणारा माठ गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा नाही, तर हे तरी कसं गळ्यात मारायचं?

"सुतारदादा," ती म्हणाली, "धाव राहिली."

सुताराने चाकाकडे पाहिलं, खापऱ्यांकडे पाहिलं. लोहाराला पाच रुपये दिले होते, असं तो हळूच म्हणाला. कोंडाबाईने आपल्या हाताने आणखी पाच खापऱ्या ठेवल्या. सत्तावीस झाले. दलालाने कपाळावर हात मारून घेतला.

कोंडाबाईने रुपये पुढे केले. पण सुताराने ते घेतले नाहीत. तो उठला, पटाशी घेऊन गाडीखाली शिरला आणि आसावरचा हिरवा रंग खरवडू लागला. रंगाखालून लाख आणि लाकडाचा भुसा निघाला, आणि त्याखाली वीतभर लांब चीर.

"बाई, ही गाडी नेऊ नका," तो मान खाली घालून म्हणाला. "आस बसवल्यावर चीर दिसली होती. मी बुजवली."

कोंडाबाईने वाकून ती चीर बोटाने चाचपली. तोच ओढा, तोच उतार, आणि त्यात माल भरलेली गाडी. राग असा आला, की मातीतल्या खापऱ्या उचलून त्याच्या तोंडावर फेकाव्यात. पण तिने त्या मातीतच राहू दिल्या.

"बद्द वाजलेला माठ मीही बाजूला काढते," ती म्हणाली. "तुम्ही काढलात. झालं तर मग."

सुताराने चार दिवस खपून जुन्या, सुकलेल्या बाभळीचा नवा आस घातला. वर एक रुपयाही मागितला नाही.

अक्षय्य तृतीयेच्या बाजाराला कोंडाबाईची गाडी ओढा उतरली आणि चढली, पण आत एक पणतीसुद्धा कलंडली नाही. दुपारपर्यंत सगळा माल संपला. परत येताना गाडी रिकामी नव्हती. तिच्यात एक शेळी उभी होती, आणि ओसरीवरच्या माणसाला ती दुरूनच ऐकू आली.

त्यानंतर सुताराने उपरणं टाकून दिलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो ते अंगणात जमिनीवर अंथरू लागला आणि त्यावर खापऱ्या मांडू लागला. नफा पूर्वीइतका सुटेना, पण गिऱ्हाइकं दुपटीने वाढली, आणि त्याला झोपही बरी लागू लागली म्हणे. दलालाने मात्र गाव बदललं.

तात्पर्य: भाव करताना आपला पैसा राखावाच, पण समोरच्याच्या हक्काचाही राखावा; ज्याला आपण फसवत नाही, त्याला आपल्याला फसवणं जड जातं.