चवळीतलं बुजगावणं

फार वर्षांपूर्वी एका गावाने, हरणांनी पिकात शिरू नये म्हणून, उन्हाळ्यात रानाच्या कडेला खास त्यांच्यासाठी चवळी पेरली. पेरणी होताच रावजी गावंडेने सवयीने मधोमध बुजगावणं रोवलं आणि आपला जुना सदरा त्याला चढवला.

चवळी गुडघ्याएवढी झाली, तशी एक हरिणी पाडसांना घेऊन बांधावर येऊन थबकली.

"दादा, ही चवळी कोणाची?"

"तुमचीच, म्हणे," बुजगावणं म्हणालं.

"मग तू कशाला उभा?"

"तुम्हाला हाकलायला." बुजगावण्याचं मडक्याचं डोकं गरगरलं. "पण पेरलंय तुमच्यासाठी. मलाच काही कळेना, बाई!"

"म्हणजे खाऊ की नको?"

"खा... नको, थांब. माझे हात आडवे ठेवलेत ना? म्हणजे नकोच असेल."

हरिणी गोंधळून पाडसांसह मागे फिरली. पलीकडे रावजीच्या मुगात बुजगावणं नव्हतं. तिथे तिला कोणी अडवलं नाही.

सकाळी मुगाची नासधूस पाहून रावजी तावातावाने चवळीत आला. एकाही पानाला तोंड लागलेलं नव्हतं.

"ताट वाढून ठेवलं, तरी यांना चोरूनच खायचं!" असं म्हणत त्याने बुजगावण्याचे वाऱ्याने कललेले हात पुन्हा आडवे, ताठ बांधले.