धनेशाच्या ढोलीपुढची सहल

जंगलात अजून एकही पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची बायको धनेशीण पिल्लांना घेऊन बसली होती. दार मातीने लिंपलेलं, चोच मावेल एवढीच फट. धनेशाने बाहेरून फळं आणून भरवायची, अशी त्या पाखरांची रीतच आहे.

त्या वर्षी शेकरूने तिथे सहली आणायला सुरुवात केली. माळावरची माकडं, ससे, हरणं झाडाखाली फतकल मारून ढोलीकडे टक लावून बसत. एवढ्या डोळ्यांसमोर धनेश घरट्याशी यायला धजेना. चोचीत उंबर धरून तो लांबच्या फांदीवर ताटकळत राही आणि आत पिल्लं उपाशी.

शेवटी धनेशीण फटीतून कडाडली, "शेकरूभाऊ, माझी पिल्लं भुकेने मरायला टेकलीत. ही जत्रा हलव इथून."

"वहिनी, उगाच चिडताय," शेकरू म्हणाला. "आमची सहल निसर्ग जपणारी आहे. कुणी पान तोडत नाही, कचरा करत नाही, मोठ्याने बोलत नाही."

"असं होय? मग उद्या यांना तुझ्या घरट्यापाशी ने. तुझीही पिल्लं आहेत की."

"छे, तिकडे कसं नेणार?" शेकरू चटकन म्हणाला. "लहान आहेत ती. घाबरून दूधसुद्धा प्यायची नाहीत."

बोलून झालं आणि त्याची शेपटी खाली आली. ढोलीतून पिल्लांची क्षीण चिरचिर ऐकू आली. सगळ्यांत आधी एक म्हातारी हरणी उठली आणि शेकरूकडे न बघता माळाकडे चालू लागली.

लांबच्या फांदीवर धनेशाने पंख उघडले.