मोतनच्या घिरट्या

समुद्रावर नुसत्या शिडाच्या होड्या दिसायच्या, त्या जुन्या दिवसांतली ही गोष्ट. चैत्र लागला की देवमासे किनाऱ्याजवळ येत आणि ते पाहायला लोक होड्यांतून निघत. मोतन नावाची कुरव, म्हणजे पांढरी समुद्रपक्षीण, पुढे उडत जाऊन देवमाशांवर घिरट्या घालायची. तिला पाहून होड्या तिकडे वळायच्या. खूश झालेले लोक तिच्यासाठी कुरमुरे उधळायचे.

एकदा कुबडी देवमाशीण आपलं नवं पिल्लू घेऊन आली. मोतन लगेच घिरट्या घालू लागली.

"आज नको गं, मोतन," देवमाशीण कळवळून म्हणाली. "शिकारी देवमाशांनाही तुझी खूण कळली आहे. ते माझ्या लेकराला फाडतील. तुझी आई यायची ती नुसत्या गप्पा मारायला. तिच्यामागून कधी कुणी आलं नाही."

आईचं नाव निघताच मोतन घिरट्या घालायची थांबली. तिनं वळून पाहिलं. होड्यांच्या मागे पाण्याखालून काळ्या-पांढऱ्या सावल्या सरकत होत्या.

ती तशीच दूर उडाली आणि रिकाम्या पाण्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. होड्या तिकडे वळल्या. शिकारी देवमासेही वळले, शोधून थकले आणि खोल समुद्रात निघून गेले.

"काय गं म्हातारे, डोळे गेले का तुझे?" गोमा तांडेल होडीच्या सुकाणूवरून ओरडला. "हिला कुरमुरे नकोत, चष्मा द्या!"

सगळे हसले. मोतन उपाशीच होती, तरी शेवटची होडी माघारी वळेपर्यंत ती तिथेच ओरडत राहिली.