कासारणीकडचा इंग्रजीचा तास

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या वृद्ध शिक्षकांकडे अर्धा भरलेला फॉर्म घेऊन आली. शिक्षक निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. तालुक्याच्या शाळेत त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवले होते, आणि अजूनही कोणी अडले की त्यांच्याच ओसरीवर येई. मुलीचे नाव शाल्मली. ती अबोल होती. वर्गात उत्तर येत असले तरी ती हात वर करत नसे. दुसऱ्या कोणी तेच उत्तर दिले की मनातल्या मनात समाधान मानी.

जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचा, हे तिने दहावीतच ठरवले होते. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश देऊ केला होता, पण एका अटीवर. इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात किमान साडेसहा गुण हवेत, आणि निकाल दोन महिन्यांच्या आत पोचायला हवा. ती एकदा परीक्षा देऊन आली होती. वाचनात आठ, ऐकण्यात साडेसात, लेखनात साडेसहा मिळाले. बोलण्यात मात्र साडेपाच. आता वेळ होता तो आणखी एकाच प्रयत्नापुरता.

"सर, या वेळी दुसरी परीक्षा देते," ती फॉर्म पुढे करत म्हणाली. "विद्यापीठाला दोन्ही चालतात. पहिलीत समोर माणूस बसतो. या दुसरीत कोणी नसतं, संगणकापुढे माइकमध्ये बोलायचं."

"मागच्या वेळी काय झालं, ते सांग आधी."

शाल्मलीने मान खाली घातली. जिल्ह्याच्या गावी ती क्लासला जात असे. तिथे पाच उत्तरे पाठ करून घेतली होती आणि कोणताही प्रश्न आला तरी त्याला वळवून त्या पाचांपैकी एकावर कसे आणायचे, हेही शिकवले होते. तिचे सर्वांत पक्के उत्तर एका किल्ल्याचे होते. परीक्षक बाईंनी विचारले, तुला कोणी मदत केल्याचा एखादा प्रसंग सांग. शाल्मलीने त्या मदत करणाऱ्या माणसाला किल्ल्यावर नेऊन उभे केले आणि पुढे बुरूज, तटबंदी, सूर्यास्त असे धडाधड म्हणत सुटली. बाईंनी तिला मध्येच थांबवले आणि हळूच विचारले, "त्या माणसाचं नाव काय होतं?" त्यानंतर शाल्मलीला एकही शब्द सुचला नाही.

सर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "म्हणजे माइकला किल्ला चालेल, असं तुला वाटतं?"

"क्लासमधले म्हणतात, चालतो."

"फॉर्म भरायला किती दिवस आहेत?"

"दहा."

"मग दहा दिवस फॉर्म माझ्याकडे राहू दे. तू रोज दुपारी अनसूयाबाईंकडे जायचं. रोज एक नवा विषय, आणि त्यांना इंग्रजीत दोन मिनिटं सांगायचं. मी त्यांच्याशी बोलून ठेवतो."

शाल्मलीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. अनसूयाबाई म्हणजे बाजारपेठेतल्या कासारीण. त्या अंगठा उमटवून व्यवहार करत. त्यांना इंग्रजी तर सोडाच, मराठी पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

"सर, त्यांना काहीच कळणार नाही."

"नाही कळणार," सर शांतपणे म्हणाले आणि फॉर्म आपल्या पुस्तकात घालून मोकळे झाले.

सरांचा शब्द मोडणे तिला शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कासारगल्लीत गेली. अनसूयाबाईंनी तिला पायरीवर बसवले, तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ओल्या हातांनी तो दाबू लागल्या. "सव्वादोनाचं माप आहे तुझं," त्या म्हणाल्या. "हं, कर सुरू. सर म्हणाले, तू बोलायचं आणि मी बांगड्या भरायच्या. रोज दोनच भरीन, जाताना साबण लावून उतरवीन."

दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काय गं अनसूया, विलायतेला निघालीस की काय?"

"निघते की. तुझ्या सुनेला हिरव्या बांगड्या तिकडूनच पाठवीन!"

शाल्मलीचे कान लाल झाले. तिने डोळे समोरच्या भिंतीवर रोवले आणि किल्ला सुरू केला. बुरूज झाला, तटबंदी झाली, आणि सूर्यास्ताच्या आधीच बांगडी तडकली.

"वाढली," अनसूयाबाई म्हणाल्या. कासारीण बांगडी फुटली असे कधी म्हणत नाही. तुकडे डब्यात टाकून त्यांनी शाल्मलीकडे निरखून पाहिले. "हे पाठ केलेलं होतं ना?"

"तुम्हाला इंग्रजी येतं, मावशी?"

"मला कुठलं येतंय? पण हात दगड झाला की तुझा! अगं, लेकी माहेरचं सांगायला लागल्या की हात लोण्यासारखा होतो. आणि सासू शेजारी असताना सासूचं कौतुक करतात ना, तेव्हा अस्सा दगड. चाळीस वर्षं हात धरतेय मी बायकांचे. सव्वादोनाचा हात तुझा, पण घाबरलीस की अडीचाची बांगडी मागतो बघ तो." बायका खळखळून हसल्या. शाल्मलीलाही हसू आले, पण तिने ते दाबले.

तीन दिवस गेले. आणखी दोन पाठ उत्तरेही एकेक करून वाढलेल्या बांगड्यांच्या डब्यात गेली. चौथ्या दिवशी ती सरांकडे जाऊन रडवेली झाली. "सर, क्लासमधली मुलं रोज सराव परीक्षा देतात, आणि मी बांगड्या फोडते."

"वाढवते म्हण," सर म्हणाले. "अजून सहा दिवस आहेत."

सहाव्या दिवशी तिच्याजवळ पाठ केलेले काहीच उरले नव्हते. "आज काय सांगू, मावशी?" तिने मराठीत विचारले.

"मी काय सांगणार? तुला जे सांगावंसं वाटतं, ते."

शाल्मलीने भिंतीवरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. मग तिने आपल्या परसातल्या विहिरीबद्दल इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. ती सात वर्षांची असताना त्या विहिरीचे पाणी एकाएकी खारे झाले होते. का, ते कोणालाच सांगता आले नाही. आजोबा रोज सकाळी पोहरा काढून एक ओंजळ चाखत आणि थुंकून टाकत. वर्षभर त्यांनी तो नेम सोडला नाही. रहाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवेना. तिने मोकळा हात गोल फिरवून दाखवला आणि म्हणाली, ते चाक, जे फिरतं आणि पाणी वर आणतं. अनसूयाबाईंच्या भुवया वर गेल्या.

"मग?" त्या म्हणाल्या.

त्यांना एक अक्षरही कळले नव्हते. तरी त्यांच्या चेहऱ्यावर पुढचे ऐकण्याची एवढी उत्सुकता होती, की शाल्मली पुढे सांगत गेली. क्रियापदे चुकली, एक वाक्य अर्धेच राहिले, तिने ते दुसरीकडून उचलले. सांगून संपले तेव्हा तिने हाताकडे पाहिले. मनगटावर सहा बांगड्या होत्या. त्या केव्हा चढल्या, तिला समजलेही नव्हते.

"आज दोनावर थांबवेना मला," अनसूयाबाई म्हणाल्या. "हातच असा होता."

दहाव्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली. "सर, तो फॉर्म राहू द्या. मी समोर माणूस असलेलीच परीक्षा देते. पण एक विचारू? तुम्ही स्वतः का नाही सराव घेतलात?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "तू माझ्यासमोर इंग्रजी बोलायचीस, तेव्हा प्रत्येक वाक्याला माझ्या तोंडाकडे बघायचीस, चुकलं की काय म्हणून. तो दोष तुझा नाही. मी जन्मभर मुलांच्या चुकाच पकडत आलो. कोणाला काय सांगायचंय, हे ऐकायचं राहून गेलं. तुला असं माणूस हवं होतं की ज्याला तुझी चूक कळणार नाही, पण तू मनापासून बोलत नाहीस हे मात्र लगेच कळेल. आपल्या गावात असं माणूस एकच होतं. माइकवाली परीक्षाही चांगलीच आहे, बाळ. पण तू ती निवडत होतीस लपायला. आणि तिथेही पलीकडे कोणीतरी ऐकतच असतं."

शाल्मलीने वाकून नमस्कार केला. 

परीक्षेच्या दिवशी समोर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. ज्या बातमीची तू पुष्कळ दिवस वाट पाहिलीस, तिच्याबद्दल सांग, असा विषय निघाला. ती दोनदा अडली आणि दोन्ही वेळा वळसा घालून पुढे गेली. गृहस्थांचा चेहरा कोराच होता. तरी तिने नजर भिंतीकडे वळवली नाही. निकाल आला. बोलण्यात साडेसहा, अट होती तेवढेच; बाकीचे भाग मागच्यासारखेच निघाले होते.

ती पेढे घेऊन सरांकडे धावली. सरांनी एक पेढा उचलला आणि म्हणाले, "बाकीचे तिकडे ने."

वाटेत तिने आभाराची वाक्ये मनात जुळवली होती. पण ती दुकानात पोचली, तेव्हा अनसूयाबाईंनी गुणांचे काही विचारलेच नाही. पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "पास झालीस ते तोंडावरच दिसतंय. आता मला सांग, दहा दिवस तू काय बोलत होतीस गं? मी आपली नुसती मान हलवत होते. घरी गेल्यावर रोज वाटायचं, पोरगी काय सांगत असेल? एक दिवस तर तुझे डोळे भरून आले होते. आता सगळं नीट आपल्या भाषेत सांग."

तेव्हा शाल्मलीच्या ध्यानात आले, की विहिरीची, आजोबांची ती हकीकत आपण मराठीतही आजवर कोणाला सांगितलेली नाही. कोणी विचारले नव्हते, आणि विचारल्यावाचून तिने कधी तोंड उघडले नव्हते. जुळवलेली वाक्ये तिने बाजूला ठेवली. पायरीवर बसलेली बाई सरकली आणि तिने शाल्मलीला जागा करून दिली. अनसूयाबाईंनी हातातले काम खाली ठेवले. शाल्मली सांगू लागली.