पाण्यातला ओटा

डोंगराच्या पोटात भिक्खूंसाठी विहार कोरला जात होता, त्या काळची ही गोष्ट. तिथे दगडावर दगड रचत नसत. वरून खाली नुसता दगड काढत जायचं. उरेल तो खांब आणि उरेल तोच निजायचा ओटा. एकदा उडालेली कपची पुन्हा जोडता येत नसे, म्हणून पाथरवट फार जपून छिन्नी चालवत.

पण पाण्याने दगा दिला. खोदलेली टाकी कोरडी राहिली, खालचा झराही आटला. म्होरक्या पुसदत्ताने सांगून टाकलं, उद्या सगळ्यांनी डोंगर उतरायचा. चिमुकली सामा आईकडे धावली. तिची आई अर्ध्या कोरलेल्या खोलीत, दगडी ओट्यावर तापाने फणफणत होती. त्या कड्यावरून तिला उचलून न्यायला कोणीच तयार नव्हतं.

"तू जा त्यांच्याबरोबर," आई म्हणाली.

सामाला दुसरं कोणी नव्हतं. ती बाहेर कातळाशी बसून रडली, रडून रडून थकली. तिथे एका फुटक्या पोकळीत इवलेइवले स्फटिक लुकलुकत होते, गुलाबी, हिरवे, पांढरेशुभ्र. त्यांत बोटभर परी पडली होती, धुळीने पंख चिकटलेली. सामाजवळ तिच्या वाट्याचं घोटभर पाणी होतं. घसा सुकला होता, तरी तिने ते थेंबथेंब पंखांवर सोडलं. पंख झळाळले.

"माग बाळ," परी म्हणाली. "पण मी दगडातली. मला काही देता येत नाही, फक्त काढता येतं. मूठभर दगड, तोही एकदाच."

"आईचा ताप काढ ना."

"तो दगड नाही गं."

संपलं सगळं, असं सामाला वाटलं. परीला खांद्यावर घेऊन ती आईकडे परतली. आई नेहमीसारखी उशाच्या भिंतीला कपाळ टेकून पडली होती. सामानेही तिथे गाल टेकवला. सगळा डोंगर तापलेला, मग एवढीच जागा गार कशी? तिने तिथे बोट ठेवलं. चुकलं तर दुसरी संधी नव्हती.

"इथला काढ."

परी लख्ख उजळली आणि त्या उजेडातच विरून गेली. भिंतीतून आलेली थंडगार धार आईच्या ओठांवर पडली.

आता कोणालाच डोंगर उतरायचा नव्हता. पाणी ओट्यावर चढू लागलं, तेव्हा आदल्या दिवशी माना फिरवणाऱ्यांनीच आईला अलगद उचलून कोरड्या खोलीत नेलं. चार दिवसांनी ती उठून बसली.

त्या खोलीचं टाकं झालं. तळाशी आईचा ओटा अजून दिसतो. तिथे पाणी पिणारा पहिले थेंब भिंतीवर शिंपडतो आणि मगच ओंजळ तोंडाला लावतो.