शंभरावं पाखरू

मिरचीच्या बाजारावर जगणाऱ्या एका गावात ऋजुताबाई नावाच्या तरुण शिक्षिका आल्या. तिथली मुलं धड्याबाहेरचं काहीच वाचत नाहीत, हे पाहून त्यांना चैन पडेना. त्यांनी सातवीच्या वर्गात वाचन मंडळ सुरू केलं. नियम सोपा होता. पुस्तक वाचायचं, त्याचा सारांश लिहायचा, की भिंतीवरच्या कागदी झाडावर आपल्या नावाचं एक पाखरू बसायचं.

बाईंना घाई होती. तालुक्याच्या वाचनालयाने कळवलं होतं, की होळीपर्यंत ज्या वर्गात शंभर पुस्तकं वाचून होतील, त्या वर्गाला पुस्तकांची एक पेटी कायमची मिळेल.

होळी जवळ आली तेव्हा झाडावर नव्व्याण्णव पाखरं बसली होती. त्यांतली एकवीस एकट्या सुयोगची. पौर्णिमाचं मात्र एकही नव्हतं. दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट असलेलं जाड पुस्तक तिने महिन्यापूर्वी नेलं होतं, ते परतच आलं नव्हतं.

"काय वं पौर्णिमा, पुस्तक वाचून राह्यली का पाठ करून राह्यली?" सुयोगने टोमणा मारला. वर्ग हसला.

बाईंनी तिला पुढे बोलावलं. "किती पानं उरली?"

"वीस, बाई."

"मग बस आणि आत्ताच संपव. उद्या वाचनालयाचे साहेब येताहेत."

पौर्णिमाने मान खाली घातली. "नाही जमणार, बाई. एकटीने पुढे वाचायचं नाही, असं मी कबूल केलंय."

"कोणाला?"

"सातऱ्यावरच्या बायांना."

बाई चिडल्या. "उद्या सारांश आला नाही, तर मंडळातून तुझं नाव कमी!"

सातरा म्हणजे मिरच्यांचे देठ खुडायची जागा. संध्याकाळी बाई तिथे तावातावाने पोचल्या. पुस्तक काढून घ्यायचं आणि सारांश आपणच लिहून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण मिरचीच्या खाटाने त्यांना जोराचा ठसका लागला.

"हळू खोका वं माय," कुणीतरी दटावलं, "तिकडे वादळ आलं आहे!"

लाल ढिगांभोवती वीस-पंचवीस बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. हात देठांवर चालले होते, कान पौर्णिमाकडे होते. ती पोत्यावर बसून मोठ्याने वाचत होती. दीपगृहातल्या मुलीचा बाप दिव्याचं तेल आणायला होडी घेऊन गेला होता आणि समुद्र खवळला होता. दोन पानं झाली, काम सुटायची वेळ झाली, आणि पौर्णिमाने पुस्तक मिटलं.

एका म्हातारीने बाईंचा हात धरला. "बाई, तुमी तं शिकलेल्या. त्या पोट्टीचा बाप वापस येते का नाही, तेवढं सांगा ना!"

बाईंना सांगता येईना. ते पुस्तक त्यांनी स्वतःच वाचलं नव्हतं.

पुस्तकाला हात न लावताच बाई परतल्या. सकाळी लवकर शाळेत येऊन त्यांनी वर्गाचे सारांश पहिल्यांदाच नीट वाचले. एकाच पुस्तकाच्या पाच सारांशांत एक शहाणा पोपट होता. बाईंनी ते पुस्तक उघडलं. पोपट फक्त मुखपृष्ठावर होता, गोष्टीत कुठेच नव्हता.

साहेब आले. "काय बाई, झाली ना शंभर?"

एक पाखरू कापून चिकटवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मुलं बाईंकडे बघत होती.

"नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "खात्रीने सांगता येईल असं एकच पुस्तक वाचलं जातंय. त्याचीही अठरा पानं बाकी आहेत."

पेटी शेजारच्या गावाला गेली. बाई भिंतीवरचं झाड उतरवू लागल्या, तेव्हा सुयोग रडवेला झाला. "बाई, माझी एकवीस पाखरं!"

"त्यांना तुझ्याआधी मी फसले, सुयोग. मी पाखरं मोजत बसले. पुस्तकात काय होतं, हे तुम्हाला एकदाही विचारलं नाही." मग त्या पौर्णिमाकडे वळल्या. "आज आम्ही सगळे सातऱ्यावर आलो तर तुझ्या बाया रागावतील का?"

"खोकला नाहीत तर नाही रागावणार," पौर्णिमा म्हणाली.

संध्याकाळी सगळा वर्ग पोत्यांवर बसला. एक पान वाचून पौर्णिमाने पुस्तक सुयोगच्या हातात दिलं. तो अडखळत वाचू लागला. दूर पाण्यावर काहीतरी काळं दिसलं, तिथे पान संपलं आणि तो थांबला.

"थांबला कायले रे?" म्हातारी ओरडली. "बाप आहे का लाकूड आहे?"

सुयोगलाही ते ठाऊक नव्हतं. त्याने घाईघाईने पान उलटलं.

तात्पर्य: किती पुस्तकं वाचली हे मोजून वाचक घडत नाही, पुढे काय होतं हे कळल्यावाचून ज्याला राहवत नाही, तोच खरा वाचक.