मोजणीचं जहाज

आटपाट समुद्र होता, दक्षिण ध्रुवाजवळचा. तिथे संशोधकांचं जहाज मासे मोजायला आलं. ते पाण्यात आवाज सोडी आणि माशांवर आपटून आलेल्या पडसादावरून मोजणी करी.

चंदेरी मासोळी हरखली. "बायांनो, जहाजाखाली फेर धरा! पुन्हापुन्हा मोजतील, केवढा थाट होईल आपला!" साऱ्याजणी गरगर फिरल्या, हसून हसून कल्ले दुखले.

"अगं भवान्यांनो," म्हातारी आत्याबाई ओरडली, "मासे उदंड दिसले की मागून जाळी येतात! पोटातली अंडी तरी आठवा!"

साऱ्या जागच्या जागी थबकल्या. मोजणी खरी झाली.

"मासे थोडेच आहेत," संशोधक म्हणाले. "यंदा इथे जाळी नकोत."

चंदेरी फुरंगटली. "आत्याबाई, मला एकदाच मोजलं!"

"म्हणून तर उरलीस, बाई!"

दर्यादेवा, चंदेरीची पिल्लं सांभाळलीस, तशी सगळ्यांची सांभाळ.